केसपेपरची भाषा आणि प्रमाणित परिभाषा

‘पी.आय.डी.’ ही तीन अक्षरे स्त्रीरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर असली तर त्यांचा अर्थ ओटीपोटातील जननेंद्रियांचा दाह असा होतो. तीच अक्षरे अस्थिरोगतज्ज्ञाने लिहिली असतील तर मणक्यांमधील सरकलेली चकती असा अर्थ घ्यावा लागतो. ‘आर.टी.ए.’ म्हणजे अपघात विभागात रस्त्यावरचा अपघात, तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे मूत्रनलिकांचा एक विकार. ‘एम.आय.’ म्हणजे हृदयविकाराचा झटका की मिट्रल झडपेची गळती, ‘पी.एन.डी.’ म्हणजे रात्री अकस्मात लागणारी धाप की नाकातून घशात उतरणारा स्राव, हे आपण कागदाच्या माथ्यावरील डॉक्टरांचे नाव पाहून ओळखतो. आजवर हे निभावून गेले. लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकच होता, आणि फार तर रुग्ण गल्लीच्या टोकावरील दुसऱ्या डॉक्टरांकडे जात होता.

आता तसे राहिलेले नाही. आपल्या बडोद्यातील मराठी घरांचेच उदाहरण घ्यावे. आईवडील दांडियाबाजार किंवा रावपुऱ्यातील जुन्या घरात राहतात, मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला किंवा त्याहूनही दूर. वर्षाचे काही महिने मुलांकडे जाणे-येणे असते. रुग्णाबरोबर त्याची नोंदही प्रवास करू लागली आहे. केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आणि रुग्णाची संमती यांच्या आधारे एका दवाखान्यातील नोंद दुसऱ्या दवाखान्यात पोहोचावी, अशी तिची रचना आहे. कागद पोहोचण्याची सोय झाली. कागदावरील अर्थ पोहोचण्याची सोय ज्या साधनाने व्हावयाची, त्या प्रमाणित वैद्यकीय परिभाषेविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावेत असे योजिले आहे. मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने हा विषय मी जसा समजून घेतला, तसा मांडत आहे.

एका शब्दाचे तीन अर्थ

परिभाषेचा प्रश्न केवळ इंग्रजी आद्याक्षरांचा नाही. आपल्या मायबोलीतील ‘पित्त’ हा शब्द पाहावा. ‘पित्त झाले आहे’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला छातीत जळजळ आणि आंबट ढेकर अभिप्रेत असतात. ‘पित्ताने डोके दुखते’ असे म्हणणाऱ्या बाईंना बहुतेक वेळा अर्धशिशी असते. ‘पित्त उठले’ असे म्हणणाऱ्याच्या अंगावर मात्र लाल, खाजणाऱ्या गांधी उठलेल्या असतात. शब्द एक, व्याधी तीन, आणि तिन्हींचे उपचार भिन्न.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या एक वृद्ध बाई मुलीकडे परराज्यात गेल्या असताना न्यूमोनिया होऊन तेथील रुग्णालयात दाखल झाल्या. कोणत्या औषधाचा त्रास होतो का, असे विचारल्यावर त्यांनी ‘पूर्वी एका इंजेक्शनने पित्त उठले होते’ असे सांगितले. तेथील तरुण निवासी डॉक्टरांना मराठी येत नव्हते, परंतु ‘पित्त’ हा शब्द त्यांच्या परिचयाचा होता. त्यांनी प्रामाणिकपणे नोंद केली की इंजेक्शननंतर रुग्णास आम्लपित्ताचा त्रास होतो. त्यानुसार पेनिसिलिन गटातील प्रतिजैविक लिहिले गेले आणि सोबत आम्लपित्तावरील औषधही लिहिले गेले. सुदैवाने पहिली मात्रा देण्यापूर्वी मुलीला काहीतरी आठवले आणि तिने मला फोन केला. “डॉक्टरकाका, आईला कुठलं तरी इंजेक्शन चालत नव्हतं ना? तुमच्याकडे लिहिलेलं असेल.” जुना केसपेपर कपाटातून काढला. पेनिसिलिननंतर सर्वांगावर गांधी उठून ओठ सुजल्याची नोंद त्यावर स्पष्ट होती. औषध बदलले गेले आणि बाई बऱ्या होऊन घरी आल्या.

या प्रसंगात कोणालाही दोष द्यावा असे मला वाटत नाही. रुग्णाने खरे सांगितले, डॉक्टरांनी ऐकले तसे लिहिले, आणि माझ्याकडील नोंदही बरोबर होती. परंतु बरोबर असलेली नोंद कपाटात होती आणि जी नोंद रुग्णाच्या खाटेजवळ होती तिच्यातील शब्दाने अर्थ बदलला होता. फोन लागला नसता तर काय झाले असते, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

संकल्पनेला क्रमांक

प्रमाणित परिभाषेचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. शब्द अनेक असू शकतात, म्हणून नोंद शब्दाची न करता शब्दामागील संकल्पनेची करावयाची. प्रत्येक संकल्पनेला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा आणि त्या क्रमांकाला हवे तितके शब्द जोडावयाचे. ‘स्नोमेड सी.टी.’ या परिभाषेत हृदयविकाराच्या झटक्याचा क्रमांक २२२९८००६ असा आहे. डॉक्टर ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’ लिहोत की ‘हार्ट ॲटॅक’, संगणकात साठतो तो हाच क्रमांक. मिट्रल झडपेच्या गळतीचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ‘एम.आय.’चा घोटाळा उद्भवतच नाही. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा क्रमांक ९१९३६००५ आहे. वरील बाईंच्या नोंदीत तो असता आणि ती नोंद त्या शहरात उघडता आली असती, तर तेथील पडद्यावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ एवढेच उमटले असते. पित्ताचा प्रश्न मध्ये आलाच नसता.

या परिभाषेचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाने १९६५ साली आपल्या शाखेपुरती एक परिभाषा तयार केली. ती वाढत वाढत साऱ्या वैद्यकशास्त्राला व्यापू लागली. दुसरीकडे इंग्लंडमध्ये डॉ. जेम्स रीड या जनरल प्रॅक्टिशनरने १९८० च्या दशकात संगणकावर रुग्णांच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणून संकेतांक रचले. ‘रीड कोड’ या नावाने ते तेथील दवाखान्यांत रूढ झाले. हे दोन प्रवाह २००२ साली एकत्र येऊन आजची स्नोमेड सी.टी. सिद्ध झाली. २००७ पासून तिचे स्वामित्व सदस्य राष्ट्रांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे आहे. भारत २०१४ साली या संस्थेचा सदस्य झाला. पुण्याची सी-डॅक ही आपल्या देशाची राष्ट्रीय वितरण संस्था आहे. सदस्यत्वामुळे भारतात या परिभाषेचा वापर करण्यास परवानाशुल्क पडत नाही, केवळ रीतसर नोंदणी करावी लागते. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. इंग्लंडमधील जनरल प्रॅक्टिशनरांची पद्धतीही २०१८ पासून रीड कोड सोडून हिच्याकडे वळली. एका दवाखान्यातील डॉक्टरच्या गरजेतून निघालेले काम किती दूर जाऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्यासारख्यांना उत्तेजन देणारे आहे.

वर्गीकरण वेगळे, परिभाषा वेगळी

येथे अनेक सहकारी विचारतील की रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, म्हणजे आय.सी.डी., असताना ही नवी यातायात कशासाठी? विम्याच्या अर्जावर आपण आय.सी.डी.चा संकेतांक लिहितोच. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर दोहोंच्या उद्देशात आहे.

आय.सी.डी.चा जन्म मृत्यूंची गणना करण्यासाठी झाला. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांवरून जॉन ग्राँटने १६६२ साली केलेला अभ्यास हा त्या परंपरेचा आरंभ मानतात. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी तिला शिस्त आणली, आणि १८९३ साली झाक बर्टियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी सादर केली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे कार्य जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी २०१९ साली संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी आपल्याकडील रुग्णालयांचे व्यवहार अजून बहुतांशी दहाव्या आवृत्तीवरच चालतात.

गणनेचा नियम असा की प्रत्येक रोगी एका आणि एकाच कप्प्यात पडला पाहिजे, अन्यथा बेरीज चुकेल. त्यामुळे ‘अन्य’ आणि ‘अनिर्दिष्ट’ असे कप्पे ठेवावेच लागतात. क्षयजन्य मेंदूआवरणदाह हा क्षयरोगाच्या कप्प्यात, ए १७.० या संकेतांकाखाली जातो. उपचार करणाऱ्याच्या दृष्टीने तो क्षयही आहे आणि मेंदूच्या आवरणाचा दाहही आहे. परिभाषेत त्याला दोन्ही कुळांत स्थान मिळते. ‘माझ्याकडील क्षयाचे सर्व रुग्ण दाखव’ म्हटले तरी तो येतो आणि ‘मेंदूआवरणदाहाचे सर्व रुग्ण दाखव’ म्हटले तरी येतो. गोदामातील मालाची वर्गवारी आणि घरातील वस्तूंची नावे यांत जो फरक, तोच येथे आहे. दोन्हींची आवश्यकता आहे, आणि परिभाषेतील क्रमांकावरून वर्गीकरणाचा संकेतांक काढता यावा यासाठी जोडतक्तेही उपलब्ध आहेत. उलट दिशेने जाता येत नाही, कारण ‘अनिर्दिष्ट’ या कप्प्यातून मूळ तपशील परत मिळत नाही.

प्रयोगशाळांच्या अहवालांसाठी तिसरे साधन आहे. उपाशीपोटीच्या रक्तशर्करेला एक प्रयोगशाळा ‘एफ.बी.एस.’ म्हणते, दुसरी ‘बी.एस.एल. फास्टिंग’, तिसरी ‘ग्लुकोज एफ’. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ साली सुरू केलेल्या ‘लॉइंक’ या पद्धतीत काय मोजले, कशात मोजले, कोणत्या वेळी व कोणत्या प्रकारे मोजले या सर्वांचा विचार करून प्रत्येक तपासणीला क्रमांक दिलेला असतो. परदेशातील मुलाकडून परतलेल्या आजोबांच्या अहवालात साखर ७ दिसते, ती मिलिमोल या एककात असते. आपल्या मिलिग्रॅममध्ये ती १२६ होते. एकक आणि तपासणी यांची नोंद नेमकी नसेल तर संगणकाने काढलेला आलेखही दिशाभूल करील.

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींसाठी २०१३ साली प्रथम मानके जाहीर केली आणि २०१६ साली ती सुधारली. त्यांत रुग्णनोंदींसाठी स्नोमेड सी.टी., वर्गीकरणासाठी आय.सी.डी. आणि तपासण्यांसाठी लॉइंक अशी विभागणी केलेली आहे. तेव्हा कोणती परिभाषा, हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर बहुतांशी सुटला आहे. ती आपल्या दवाखान्यात कशी उतरवावी, किती उतरवावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे प्रश्न आपले आहेत.

पारखून घेण्याच्या कसोट्या

डॉ. जेम्स सिमिनो या अमेरिकन वैद्यकांनी १९९८ साली एका निबंधात चांगल्या वैद्यकीय परिभाषेच्या अपेक्षित गुणांची यादी मांडली. ती आजही प्रमाण मानतात. क्रमांक संकल्पनेला असावा, शब्दाला नव्हे. एकदा दिलेला क्रमांक पुसू नये आणि दुसऱ्या अर्थासाठी वापरू नये. क्रमांकात अर्थ दडवू नये, कारण शास्त्र बदलले की अर्थ बदलतो. एकच संकल्पना ढोबळ किंवा बारीक अशा निरनिराळ्या पातळ्यांवर सांगता यावी. आणि ‘इतरत्र न वर्गीकृत’ अशा अडगळीच्या खोल्या परिभाषेत नसाव्यात. यांतील शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आज जी गोष्ट अडगळीत टाकली तिला उद्या नाव मिळाले, तर जुन्या नोंदींचा अर्थ आपोआप बदलून जातो.

या कसोट्या डोळ्यांसमोर ठेवून मी माझ्याकडील काही जुने केसपेपर काढले, रुग्णांची नावे झाकली, आणि प्रत्येक ओळीसाठी परिभाषेत संकल्पना सापडते का हे पाहत गेलो. अनुभव संमिश्र आहे. निदाने बहुतेक सर्व सापडली, आणि आपण लिहितो त्याहून अधिक सूक्ष्म रूपात सापडली. ‘मधुमेह’ म्हटल्यावर ‘टाइप २ मधुमेह’ असे निश्चित करण्याची संधी परिभाषा देते. नकार आणि संदर्भ यांचीही सोय आहे. ‘वडिलांना मधुमेह होता’ ही कौटुंबिक इतिहासाची स्वतंत्र संकल्पना आहे, त्यामुळे वडिलांचा मधुमेह मुलाच्या खात्यावर जमा होत नाही. साध्या शब्दशोधात हा घोटाळा नेहमी होतो.

अडचण आली ती रुग्णांच्या तक्रारींपाशी. ‘हातापायांना मुंग्या’, ‘डोळे आले’ यांच्या संकल्पना मिळाल्या. ‘कणकण’, ‘अंग मोडून येणे’ यांना जवळच्या संकल्पना मिळाल्या. ‘उसण भरली’ म्हणजे स्नायू आखडला की मणक्याचे दुखणे, हे तपासल्याखेरीज ठरत नाही. ‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीमागे हृदयाची धडधड, चिंता, रक्तशर्करा घटणे किंवा प्रत्यक्ष हृदयविकार यांपैकी काहीही असू शकते. आपल्याकडचे गुजराती रुग्ण यालाच ‘गभरामण’ म्हणतात. आणि ‘बेंबी सरकली’, गुजरातीत ‘पेचोटी खसी’, हिला आधुनिक वैद्यकात प्रतिशब्दच नाही. अशा ठिकाणी जवळचा म्हणून कोणताही क्रमांक चिकटवणे हे न लिहिण्यापेक्षा वाईट. रुग्णाचे शब्द रुग्णाच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहून ठेवावेत आणि क्रमांक आपल्या तपासणीतून निघालेल्या निष्कर्षाला द्यावा, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

आणखी एक अडचण आकाराची आहे. साडेतीन लाख संकल्पनांच्या सागरात एक शोधताना रुग्ण समोर ताटकळत बसतो आणि डॉक्टरांचे डोळे पडद्यावर राहतात. यावर उपाय म्हणजे आपल्या शाखेला लागणाऱ्या मोजक्या संकल्पनांचा निवडक संच. माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग शेदोनशे संकल्पनांत बसतो. बालरोगतज्ज्ञांचा संच वेगळा असेल, नेत्ररोगतज्ज्ञांचा वेगळा.

निदान न झाल्याची नोंद

आता मी ज्या मुद्द्याकडे येत आहे तो तांत्रिक नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात असा विचार आला आहे की एखाद्या व्याधीला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात. दोष, अधिष्ठान आणि कारणे ओळखून चिकित्सा करावी. इतक्या जुन्या काळी सांगितलेली ही गोष्ट संगणकाच्या युगात अधिकच लागू पडते.

पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापाचा रुग्ण येतो. तपासणीत विशेष काही नाही. प्रामाणिक नोंद ‘ताप, कारण अद्याप अनिश्चित’ अशी आहे. आय.सी.डी.च्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी आर ५०.९ हा संकेतांक आहे आणि परिभाषेतही ताप ही स्वतंत्र संकल्पना आहे. परंतु रुग्णाला नाव हवे असते, विमा कंपनीला अर्जातील चौकट भरलेली हवी असते. मग एका विडाल तपासणीच्या आधारावर ‘टायफॉइड’ लिहिला जातो. कागदावरील टायफॉइड काही वर्षांत कागदाबरोबर जीर्ण होत असे. क्रमांकाने लिहिलेला टायफॉइड जीर्ण होत नाही. तो रुग्णाबरोबर गावोगाव जाईल, प्रत्येक पडद्यावर उमटेल, आणि शहरातील टायफॉइडच्या आकडेवारीतही मिळेल. आकडा जितका नीटनेटका दिसतो तितका त्यावर विश्वास बसतो. म्हणून प्रमाणित परिभाषा स्वीकारताना आपण स्वीकारावयाची पहिली शिस्त ही की जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. परिभाषेत ढोबळ पातळीवरील संकल्पना त्यासाठीच ठेवलेल्या आहेत. निदान पुढे निश्चित झाले की नोंद अधिक नेमकी करता येते.

याच संदर्भात गोपनीयतेचाही विचार व्हावा. क्रमांकाने केलेली नोंद शोधण्यास सोपी असते, आणि म्हणूनच तिचा दुरुपयोगही सोपा होतो. मनोविकार, गर्भपात, गुप्तरोग यांच्या नोंदी वहीत होत्या तोवर त्या शोधण्यास श्रम पडत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. परंतु कायद्याच्या आधी दवाखान्यातील संगणकाचा पासवर्ड स्वागतकक्षातील चिठ्ठीवर चिकटवलेला नसावा, हे तर आपल्याच हाती आहे.

आयुर्वेदाचा प्रश्न

आपल्या मंडळात वैद्यमंडळींची संख्या पहिल्यापासून लक्षणीय आहे. त्यांच्या परिभाषेचे काय, असा प्रश्न ते रास्तपणे विचारतात. आयुष मंत्रालयाने २०१७ साली ‘नमस्ते’ या नावाने आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींतील रोगनामांचे संकेतांक उपलब्ध केले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आय.सी.डी.च्या अकराव्या आवृत्तीतील पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात या तीन पद्धतींचा स्वतंत्र विभाग दिल्लीत जाहीर केला. हे संकेतांक पूरक आहेत, म्हणजे आधुनिक निदानाच्या जोडीने लिहावयाचे आहेत. ही व्यवस्था मला योग्य वाटते. आमवाताला संधिवाताभ दाहाचा प्रतिशब्द ठरवून टाकणे सोपे आहे, परंतु दोन्ही शास्त्रांची निदानाची पायरी वेगळी आहे. दोन नोंदी शेजारी शेजारी असल्या तर त्यांतील साम्य आणि भेद पुढील पिढीला तपासता येतील. एकीचे दुसरीत भाषांतर करून टाकले तर ते तपासण्याची संधीच उरणार नाही.

बडोद्याची परंपरा

शब्दांची प्रमाणबद्धता हा विषय आपल्याला परका नाही. शिवछत्रपतींच्या काळातील राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. आपल्या शहरात तर याहून जवळचे उदाहरण आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्याच्या कारभारात गुजराती, मराठी आणि इंग्रजी या भाषा वावरत होत्या. एकाच कायद्यातील शब्दाचा निरनिराळ्या कचेऱ्यांत निराळा अर्थ होऊ नये, या हेतूने महाराजांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश सिद्ध होऊन १९३१ साली प्रसिद्ध झाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय त्यात ओळीने मांडलेले आहेत. मध्ये एक अर्थ आणि भोवती अनेक भाषा, ही रचना आजच्या परिभाषेच्या रचनेशी किती जुळते, हे पाहून मला नवल वाटले.

आपल्या दवाखान्यांत आजही त्याच भाषा वावरतात. मराठीतील कावीळ गुजरातीत ‘कमळो’ होते, गोवर ‘ओरी’ होतो, कांजिण्या ‘अछबडा’ होतात, डांग्या खोकला ‘उटांटियुं’ होतो. हे शब्द निदान भिन्न असल्याने कानाला खटकतात तरी. खरा धोका सारख्या शब्दांचा आहे. मराठी रुग्णाला ‘जुलाब होतात’ म्हणजे अतिसार. गुजराती माणसाच्या लेखी ‘जुलाब’ म्हणजे रेचक औषध. ‘जुलाब घेतला होता का?’ या प्रश्नावर मराठी आजी गोंधळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. परिभाषेतील एका क्रमांकाला आपल्या भाषेतील शब्द जोडण्याची तरतूद आहे. ते शब्द बाहेरचा कोणी येऊन जोडणार नाही. ते काम दोन्ही भाषा घरात आणि दवाखान्यात रोज ऐकणारे डॉक्टरच करू शकतात, आणि असे डॉक्टर आपल्या मंडळात आहेत.

काही सूचना

शेवटी, मंडळाच्या विचारार्थ काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, सर्व काही एकदम संकेतबद्ध करण्याच्या मागे लागू नये. औषधांच्या ॲलर्जी, दीर्घकालीन निदाने, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे या चार गोष्टींपासून आरंभ करावा. रुग्णाच्या जिवाशी यांचा संबंध सर्वांत निकटचा आहे. उर्वरित हकीकत आपल्या शब्दांत लिहिलेली राहू द्यावी. डॉक्टरने लिहिलेल्या चार वाक्यांतून जो माणूस दिसतो तो क्रमांकांच्या यादीतून दिसत नाही.

दुसरी, संगणकप्रणाली विकत घेताना विक्रेत्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रणालीत साठते ती संकल्पना की नुसता शब्द? परिभाषेची नवी आवृत्ती प्रणालीत किती दिवसांत येते? स्नोमेड सी.टी.ची आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२ पासून दरमहा निघते, तेव्हा हा प्रश्न गौण नाही. ‘नाही’, ‘संशयित’ आणि ‘कुटुंबात’ या नोंदी वेगळ्या ठेवता येतात का? उद्या प्रणाली बदलली तर नोंदी क्रमांकांसह बाहेर काढता येतील का? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत तर खरेदी लांबणीवर टाकावी.

तिसरी, परिभाषा आपल्याला कितपत जुळते याची परीक्षा आपणच घ्यावी. दोन डॉक्टरांनी तेच दहा केसपेपर एकमेकांना न विचारता संकेतबद्ध करावेत आणि मग उत्तरे ताडून पाहावीत. जेथे दोघांचे क्रमांक जुळणार नाहीत तेथे परिभाषा अपुरी आहे, आपले लिहिणे मोघम आहे की दोघांचे निदानच वेगळे आहे, याची चर्चा व्हावी. माझा अंदाज असा की चर्चेचा बराच वेळ आपल्या लिहिण्यावरच खर्च होईल, आणि तो सत्कारणी लागेल.

चौथी, रुग्णांच्या बोलीतील तक्रारींची मराठी-गुजराती सूची मंडळाने तयार करावी. प्रत्येक शब्दासमोर त्याचे संभाव्य अर्थ आणि तो अर्थ निश्चित करण्यासाठी विचारावयाचा प्रश्न असावा. ‘पित्त’ या शब्दासमोर ‘अंगावर की पोटात की डोक्यात?’ एवढा प्रश्न लिहिला तरी पुष्कळ. ही सूची वैद्यकीय महाविद्यालयात परप्रांतातून येणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या हाती पडावी. पुढेमागे ती राष्ट्रीय वितरण संस्थेकडेही पाठवता येईल.

या कामाला निधी फारसा लागणार नाही. मंडळाच्या मासिक सभेतील एक तास आणि प्रत्येक सभासदाचे पाच केसपेपर, नावे झाकलेले, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. कार्यकारिणीने संमती दिल्यास पहिल्या बैठकीसाठी लागणारे केसपेपर आणि माझ्याजवळ जमलेले साठएक शब्द घेऊन येण्याची माझी तयारी आहे.